दोन हिसके

म्हाताऱ्या गिर्यारोहकांचं व्याख्यान मध्यंतराला थांबलं आणि गावच्या सभागृहात चहाला रांग लागली. किटली घेऊन उभ्या असलेल्या ईनिडचा कान रांगेतल्या पहिल्या दोघींकडे लागला. विनिफ्रेड आणि डोरीन, दोघी वक्त्यांच्याच बायका.

"डोरीन, तुझ्या वॉल्टरने आज कड्यावरची पाय ठेवायची जागा चार बोटांवर आणली गं!"

"मागच्या वर्षी चांगली वीतभर होती."

"आणि ते वादळ?"

"कसलं डोंबलाचं वादळ! लख्ख ऊन होतं. मी खाली बसून काकडीची सँडविचं खात होते. आणि तुझा स्टॅन्ली, खुशाल मान डोलावत होता!"

"त्याला ऐकू कुठे येतंय? कानाचं यंत्र खिशात ठेवतो मेला. त्या बहिऱ्याला दर वेळी कशाला ओढून आणता?"

"तो मागे नसला की वॉल्टरचे पाय लटपटतात."

"कड्यावर?"

"अगं, स्टेजवर!"

"कड्यावर तरी एकमेकांचं ऐकू यायचं का?"

"वाऱ्यात कसलं ऐकू येतंय! वर नीट बसला की वॉल्टर दोराला दोन हिसके द्यायचा. मग स्टॅन्लीने निघायचं."

घंटा वाजली. वॉल्टर कठडा धरून स्टेजच्या तीन पायऱ्या चढला, वळला आणि वाकून त्याने खालच्या स्टॅन्लीच्या मफलरला दोन हिसके दिले.

"आलो!" स्टॅन्ली केवढ्याने तरी ओरडला.

"पुढच्या वर्षी या पायऱ्या तीस होतील बघ," डोरीन म्हणाली. पण दोघं वर पोचेपर्यंत तिने चहाला तोंड लावलं नाही.