फोटो एका गाडीचा, धूर दुसरीचा

आम्ही मूळचे कन्हानचे. माहा बाप कोळशाच्या खदानीत होता, आजोबानं नागपुरात दीक्षा घेतली तवापासून घरात एकच बोलनं, पोट्ट्याइले शिकवा. मी काही फार शिकलो नाई, काय सांगू तुमाले, दहावीत गाडी अटकली ते अटकलीच, मंग गॅरेजमंदी लागलो, इंजिन खोलता खोलता उमर गेली, अन् हात थरथराले लागले तवा हुडकेश्वर रोडवर पीयूसीची व्हॅन घेऊन बसलो. गाडीच्या सायलेन्सरमंदी नळी टाकाची, धूर मोजाचा, कागद काढून द्याचा. इतकंच काम हाये.

आता खरं सांगतो, लपवाचं वय नाई राहिलं. आमच्या धंद्यात एक रीत हाये. जुनी डिझेल गाडी आली अन् नळी टाकली तं ते पास होतच नाई. मंग काय कराचं, फोटो त्या गाडीचा काढाचा, नंबर त्या गाडीचा टाकाचा, अन् नळी बाजूच्या हार्डवेअरवाल्याच्या नव्या टेम्पोत घालाची. कागद एकदम साफ. गरीब मानूस हाये, गाडी बंद पडली तं खाईल काय, असं आपन मनाले म्हनत राहाचं. रमेस म्हनून एक हाये, शाळेची व्हॅन चालवते, त्याची गाडी सुरू केली का मागचं काही दिसत नाई, तो म्हने काका, करून द्या ना, आपलेच पोट्टे जाऊन राहिले हिच्यात. अन् खरंच, माही नात पिहू त्याच व्हॅनीत जाये, मागच्या सीटवर, खिडकीले लागून. तरी मी त्याले कागद देत राहिलो, दरखेपी देत राहिलो.

मंग पिहूले दम लागाले लागला. एक जिना चढली का बसून जाये, सात वर्साची पोट्टी. डॉक्टरनं सुनीताले, म्हनजे माह्या पोरीले, विचारलं का घरी कोनी बिडी पिते काय, चूल पेटवता काय. मी बाजूलेच बसलो होतो. सुनीता म्हने नाई जी, आमच्या घरी धूरच नाई. मी खाली पाहत राहिलो.

मंग जवाईबापूनं बॅटरीवरची कार घेतली. प्रताप नगरात राहतात ते, पिहूले आता स्वतः शाळेत सोडून देतात. म्हने बाबा, हिले तुमच्या पीयूसीची गरजच नाई, हिले सायलेन्सरच नाई. मी वाकून पाहिलं, खरंच नाई. पोट्टीचा दम कमी झाला, हे मी आपल्या डोळ्यानं पाहिलं, त्या गाडीले नावं कसा ठेवू. पन जिंदगी धुरात गेलेला मानूस मी, मले वाटे, एवढी जड गाडी पळून राहिली, तं हिचा धूर जाते कुठी?

ते मले माह्या मोठ्या बहिनीच्या घरी समजलं. तिले आम्ही बाई म्हनतो, ते राहते कोळशाच्या वीजघराच्या चिमनीजवळच्या गावात, आम्ही सारे त्याच कारनं गेलो होतो. तिथं पाहुना आला का खाटेवर पयले ओला फडका फिरवतात अन् मंग बस म्हनतात, एवढी राख पडते, बाई पापड बी घरात पंख्याखाली वाळवते. जवाईबापूनं तिच्याच ओसरीतून वायर आनून गाडी चार्जिंगले लावली. बाई खोकलत आली, गाडीवरून हात फिरवला, म्हने काहून गा, हिले धूरच नाई म्हनतात? मी म्हनलं हाये वं बाई, तो तुह्या घरी येते. बाई हासली, मले हासू आलं नाई. जवाईबापू शिकलेले, ते म्हने बाबा, सगळं जोडून पाहा, कोळशाची वीज धरा, बॅटरीसाठी खोदलेली जमीन धरा, तरी डिझेलच्या गाडीपेक्षा हिचं नुकसान कमीच भरते, अन् छतावर सोलर लावलं तं अजून कमी. असंल, मी मानतो. पन जो कमी हाये तो बी कोनाच्या तरी छातीत जाते ना, अन् ते छाती माह्या बहिनीची हाये. अन् इथं तं मी बहिनीच्या छातीत धूर जाते म्हनून हळहळून राहिलो, अन् नातीच्या छातीत मी स्वतः धूर घातला होता.

वापस येता येता गाडीतच मी सुनीताले सारं सांगून टाकलं, नळी, टेम्पो, रमेस, सारं. पिहू तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मले वाटलं रडंल, नाई तं मले उतरवून देईल. सुनीतानं पिहूच्या अंगावर ओढनी सारली. मंग म्हने, बाबा, आपली पिहू तं उतरली, त्या व्हॅनीत अजून किती बसतात?

बारा बसतात जी. आता मी नळी पुरी घालतो, कोनाची बी गाडी असो. रमेस आला तं त्याची गाडी फेल केली, म्हनलं इंजिनचं काम करून आन. तो दुसरीकडे कुठी गेला अन् कागद घेऊन आला. मी शाळेत जाऊन सांगितलं, तं शाळावाल्याइनं तो कागद माह्यासमोर धरला, म्हने काका, गाडी तं पास हाये. कागद एकदम साफ होता, मी करत होतो तसाच.

रोज सकाळी ते व्हॅन माह्यासमोरून जाते, पोट्टे मागच्या खिडकीतून मले हात दाखवतात, अन् मी बी दाखवतो. सुखी राहा रे लेकराहो, म्हनतो, तुमची छाती शाबूत राहो. त्याइले वाटते आजोबा चांगला मानूस हाये.