मध्यंतरातली शाल

सुमनवहिनी, प्राचार्य, आजी-माजी विद्यार्थी हो,

गायकवाड सरांच्या शोकसभेत बोलणं अवघड आहे. दुःख आहेच. शिवाय पहिल्या रांगेत कोण बसलंय, तेही इथून दिसतंय. मी या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. सर इथे फुटबॉल शिकवायचे. म्हणजे, तुम्ही शिकवू दिलंत तोवर.

कॉन्व्हेंटमध्ये मला शिकवलं, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. जिवंतांबद्दल काही सांगितलं नव्हतं.

तो अंतिम सामना आठवतो ना? मध्यंतरापर्यंत आपण पुढे होतो. मुलांनी दम घ्यावा, सरांनी चुका सांगाव्यात, यासाठी असतं मध्यंतर. पण मैदानाला दिवे देणारे देणगीदार साहेब आले होते. मग शाल आली, श्रीफळ आलं, भाषण आलं. भर दुपारी दिवे लावूनही दाखवले. घामाने निथळणारी मुलं रांगेत उभी. सर माइकपाशी जाऊन हळूच म्हणाले, "साहेब, सत्कार सामन्यानंतर करू या का?" साहेब हसले आणि बोलत राहिले.

आपण हरलो. बोंब कुणाच्या नावाने? सरांच्या. तेव्हा "म्हाताऱ्याला काढा" म्हणून ओरडणारे आज पांढऱ्या कपड्यांत आलेत. इस्त्री छान आहे. पुढच्या देणगीची अट होती, प्रशिक्षक बदला. बदलला.

सरांनी दिवे मागितलेच नव्हते. ते मुलांच्या सकाळच्या केळी-अंड्यांसाठी दारोदार फिरत होते. कुणी देणगीदार मिळाला नाही. केळ्यावर नाव कोरता येत नाही ना.

आता म्हणे साहेब सरांच्या स्मरणार्थ करंडक देणार. वर साहेबांचं नाव, खाली सरांचं. वहिनींकडे होकार मागितलाय. उत्तर द्यायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं, कारण त्या सभ्य आहेत. त्या म्हणाल्या, "बाई, ह्यांचं नाव कशावर घालू नका म्हणावं. पोरांना खायला घाला."

प्राचार्य, खाली बघू नका. पोरांना खायला घालणार का? उत्तर आजच हवंय, पण थोड्या वेळाने.

आधी सगळे उभे राहू या. त्या मध्यंतरात सरांना हवी होती ती शांतता तुम्ही त्यांना दिली नाहीत. आत्ता द्या. आणि कुणी शाल आणली असेल, तर ती पिशवीतच राहू द्या.