खिम्याच्या मशीनचा पाय

...अहो पण पाय मोडला होता हो, नुसता पाय! खिम्याचं मशीन टेबलाच्या कडेला ज्यानं आवळतात ना, तो बिडाचा पाय, एवढाच्या एवढा! तुम्हाला सांगते, माणसाचा मोडला असता तर एव्हाना प्लास्टर निघून नाचायला लागला असता, पण हा सापडला आमच्या ओल्द्रिखच्या हातात. ओल्द्रिख म्हणजे माझा नवरा. सोन्याचे हात! आमच्या इकडे, चेक देशातल्या मोरावियात, प्रत्येक बाई हेच ऐकत म्हातारी होते, "आपल्या पुरुषांचे हात सोन्याचे!" मग दुकानातून नवं मशीन उचलून आणायलाच ते का झिजतात?

"विकत?" असं विचारलंन्, जसं काही मी चोरी करायला सांगितली. "लुद्मिला, तळघरात मिलिंग मशीन असताना, विकत?"

ते लोखंड तासायचं मिलिंग मशीन! बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून आणलंय. आत न्यायला तळघराचं दार काढलं, ते दार अजून बागेत उभं आहे... "सोपं आहे," म्हणाला, "मोडका खुंट सपाट करायचा, भोकं पाडायची, आटे पाडायचे, नवा पाय बोल्टनं आवळायचा. एका दुपारचं काम." कर म्हटलं बाबा! "करतो गं, पण हे धरायचं कसं? पोट बघ त्याचं, सगळीकडून गोल! व्हाइसच्या जबड्यातून निसटतं. आधी पकड पाहिजे, लुद्मिला, पकड!"

म्हणून जिग. जिग म्हणजे काय, तर वस्तू धरणारी वस्तू. स्वतः काही करत नाही, नुसती धरून बसते, आणि तरी सगळा मान तिला! पोलादाचे दोन जाड ठोकळे, मध्ये मशीनच्या पोटाच्या मापाची खोबण, चारी कोपऱ्यांत बोल्ट... पण ठोकळ्यात खोबण पाडायची तर तो ठोकळा कशात धरायचा? झालं! जिग करायला आधी छोटा जिग! मी जिन्यातून ओरडतेय, "अरे, सूप गार झालं!" खालून उत्तर काय, "पकड पाहिजे, पकड!" अहो, चमचा पकड आधी!

आणि डुक्कर थांबतंय होय? जानेवारीत आमच्याकडे घरचं डुक्कर कापतात, वर्षभराची सॉसेजं त्यातनं होतात, अख्खी आळी चव घ्यायला येते आणि नावं ठेवायला तर आधी येते. खाटीक हान्झेल्का शनिवारी सकाळी सुऱ्या घेऊन हजर. डुक्कर कापलं, डोक्याचं मांस उकडून पातेल्यात निघालं, वाफा येतायत, लसूण सोललेला, मरव्याचा घमघमाट... आणि खिम्याचं मशीन कुठे? तळघरात, मिलिंग मशीनच्या टेबलावर, जिगमध्ये उलटं टांगलेलं! ओल्द्रिख डोळ्याला भिंग लावून, "केसभर वाकडं आहे गं, केसभर!"

"मालकीणबाई," हान्झेल्का म्हणतो, "मांस गार पडलं तर चरबी गोठेल. मग सॉसेज नाही, साबण होईल!"

तेवढ्यात कुंपणावरून कोण डोकावलं? शेजारचा श्पाचेक! नाकानं कांदे सोलणारा प्राणी. हातात नवंकोरं विजेचं मशीन, पांढरंशुभ्र. "देऊ का लुद्मिलाबाई? आम्ही आपलं विकत घेतो, आमचे हात साधे..." आग लागली हो तळपायाला! माझ्या आईचं मशीन आहे ते! लग्नात दुसरं काही नाही दिलंन् तिनं, तेवढं दिलंन्. त्यावर माझ्या घरची सॉसेजं व्हायची नाहीत आणि याच्या खेळण्यावर होणार? मी रडले, खोटं कशाला बोलू, पातेल्याच्या वाफेत तोंड घालून रडले.

मग उचललं पातेलं नि उतरले तळघरात. ओल्द्रिखला बाजूला सारलं, चार बोल्ट ढिले केले, उलटं होतं ते मशीन सुलटं फिरवलं, बोल्ट आवळले. हँडल लावलं. फिरवलं... मशीन जागचं हललं नाही हो! आईच्या टेबलावर सुद्धा इतकं घट्ट कधी बसलं नव्हतं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाय हवा होता कुणाला? हान्झेल्का जिन्यावरून पातेली खाली देतोय, मी फिरवतेय, मिलिंग मशीनच्या टेबलावर खिम्याचा डोंगर, आणि मागोमाग आलेला श्पाचेक पायरीवर उभा, तोंड लिंबू खाल्ल्यासारखं! "अशी पकड जन्मात पाहिली नाही," हान्झेल्का म्हणाला. आणि आमचे हे? छाती काढून, "म्हणूनच तर मी म्हणत होतो! आधी पकड!" जसं काही पहिल्यापासून हेच ठरवलं होतं. डोकं धरून बसले मी.

रविवारी म्हटलं, झालं ना सगळं? आता तेवढा पाय लावून दे, मशीन वर नेते. "वेडी आहेस का? जिग उघडायचा नाही! एकदा सुटला तर अशी पकड परत यायची नाही." तेव्हापासून साध्या कटलेटाला सुद्धा खिमा हवा असेल तर मी एप्रन बांधून तळघरात जाते.

आणि मिलिंगचं टेबल खिम्याच्या मशीननं अडवलंय, म्हणून त्यानं आता दुसरं मिलिंग मशीन घरीच करायला घेतलंय... म्हणजे, घेणार आहे. आधी त्याचे भाग धरायला एक जिग करतोय.