कोलंबीच्या सालांचं कवच

पनवेलच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होते, तेव्हा मागच्या बाकावरचं बोलणं कानावर आलं. आजी मासळी विकणारी, नात फार्मसी शिकणारी.

“किशोरी, माझी कोलंबीची सालं कॉलेजात नेतेस, त्यांचं करतेस काय गो?”

“त्यांच्यापासून गोळीचं कवच बनवतो, आजी. मग औषध पोटात हळूहळू सुटतं.”

“आनि खातंय कोन?”

“अजून कोणी नाही, प्रयोग चाललेत. पुढे सगळेच खातील.”

“विचुंब्याची शशिकलाबाई पन?”

“डॉक्टरने दिली तर खाईल की.”

“माझ्याकडनं कोलंबी सोलून घेते, सालं मलाच परत न्यायला लावते. आनि वर लिफ्टमधी घेत नाय, वास येतो म्हनते.”

“या गोळीला वास नसणार, आजी.”

“थोडा ठेव की गो! कोनाची कोलंबी हाय, तिला कलायला नको?”