टाकीच्या झाकणावरचं गंध

नाव साईकुमार राव, वय ३६, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार दारासुरम्, कुंभकोणम्. समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की,

मयत विश्वेश माझा थोरला भाऊ. त्याने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन आसनांचं विमान बांधलं. आराखडा त्याचाच. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं, तसं ते काम चाललं. उडवायची परवानगी आली नव्हती. आपण तेच पुन्हा पुन्हा विचारता. नव्हती, लिहून घ्या.

विमानाचा पंख डोक्यावर, पेट्रोलची टाकी पंखात. पंप नाही, पेट्रोल आपोआप खाली इंजिनात उतरतं. त्यासाठी टाकीत हवा शिरावी लागते, म्हणून झाकणाला सुईएवढं भोक होतं. हवेला दुसरी वाट नव्हती.

खंडेनवमीला आम्ही घरातल्या सगळ्या यंत्रांना गंध-कुंकू लावतो आणि ते पुसत नाही. आई जयलक्ष्मी, वय ७१, स्टुलावर चढली. विश्वेश हसत म्हणाला, "पुरे ग आई." ती म्हणाली, "अस्कीला लावलें, हेला कां नको?" अस्कीला म्हणजे सगळ्यांना. झाकणावर तिने चांगलं जाड गंध लावलं. दुसरं आसन तिच्यासाठीच होतं. "आधीं तूं जाऊन ये, मग मी येतें," असं तिने त्याला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, तिरुवलंचुळीजवळच्या न विकलेल्या प्लॉटांमधल्या सरळ रस्त्यावरून विमान उडालं. मी खाली होतो. नारळीच्या बागेवर गेल्यावर इंजिन बंद पडलं. मी धावलो. काही उपयोग झाला नाही.

टाकीत पेट्रोल शिल्लक होतं. झाकण मीच काढून पाहिलं. भोक वाळलेल्या गंधाने बुजलं होतं. झाकण आपल्या ताब्यात दिलं आहे. मला त्या झाकणाचा संताप येतो, आईचा येत नाही. माझी कोणावर तक्रार नाही.

आई रोज विचारते, "कां पडला रे तो?" इंजिन जुनं होतं, असं मी सांगतो. ते खोटं आहे. खरं कळलं तर तीही राहायची नाही. कारण कागदावर येणारच, हे मला समजतं. तिच्यासमोर कोणी ते बोलू नये, एवढी विनंती आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचन चालू असताना आई माझा डबा घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. गंधाचं तिने ऐकलं. आता वरची विनंती खोडून टाकावी. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.