घरगाडीचा झरोका

मी मूळची शिरूर कासारची. वडील शाळेत शिपाई होते, पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आमच्याच घरी असायची, त्यामुळे मी वाचत वाढले. लग्न होऊन माजलगावला आले, पुढे इथल्या शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. घरात आम्ही दखनी बोलतो, तुम्हाला मराठीत सांगते, आणि सावकाश सांगते, भरभर मला सांगता येत नाही. आमची एकुलती एक मुलगी तबस्सुम आमच्याच गाडीत गेली, ते सांगायचंय.

आमचे हे गाड्यांच्या बॉडीचं काम करतात, पत्रा कापायचा, जोडायचा. आयुष्यभर लोकांच्या गाड्या केल्या आणि मग एक जुनी मिनीबस घेऊन तिची घरगाडी केली, आत पलंग, ओटा, पडदे, काय सांगू तुम्हाला, माणसं बघायला यायची. माणसं पडदे बघायची आणि हे त्यांना झरोका दाखवायचे. छपराला जाळीचा झरोका, त्यात छोटा पंखा, खाली दाराशी दुसरी जाळी. ताजी हवा खालून आली पाहिजे, गरम वरून गेली पाहिजे, गाडी म्हंजे डबा हाय, डब्यात माणूस जगत न्हाई, असं प्रत्येकाला सांगायचे. इकडे साखर कारखाने सुरू झाले की काजळी उडते, जाळीवर बसते, ती हे ब्रशने झाडायचे, जाळी उतरवून साबणाने धुवायचे. मी म्हणायचे, एवढं कधी माझ्याकडे बघितलं असतं. तर म्हणायचे, तू आपोआप श्वास घेतीस, हिला घ्यायला लावावा लागतो. त्या गाडीतून आम्ही समुद्र बघून आलो. ते दिवस चांगले होते.

आमच्या घरात हमीदाआपा आहेत, यांची मोठी बहीण. लहानपणीच विधवा झाल्या, मूलबाळ नाही, आई गेल्यावर यांना त्यांनीच वाढवलं. मोहल्ल्यात कोणी बाळंत झालं की शेकायला आपांनाच बोलावणं येतं, हात तसा आहे त्यांचा.

तबस्सुम सासरी, पाटोद्याला, दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली. थोडी सावरल्यावर हे, आपा आणि मी तिला आणायला गेलो, घरगाडीच नेली, म्हटलं पोर आडवी होऊन येईल. थंडी होती. येताना बीडच्या पुढे एका लिंबाखाली दुपारचं जेवायला थांबलो. हे नमाजला गेले. बाळ रडत होतं म्हणून मी त्याला घेऊन बाहेर उन्हात बसले. आपांनी शेगडी बाहेरच पेटवली, धूर पूर्ण जाऊ दिला, निखारे लाल झाल्यावर वर ओवा टाकून आत पलंगाखाली ठेवली, आणि बाळंतिणीला वारं लागंल म्हणून दोन्ही जाळ्यांत जुन्या ओढणीच्या चिंध्या कोंबल्या. खाली उतरून दार लावून घेतलं आणि मला म्हणाल्या, झोपली गं, लई गाढ झोपली, उठवू नको. आपल्याकडे धूर डोळ्याला लागला तरच वाईट मानतात. निखाऱ्याला धूर नव्हता.

हे परत आले ते छपराकडे बघतच आले, सवयच ती. जाळीतून लाल कापड दिसलं. पळत जाऊन दार उघडलं. तिचा चेहरा गुलाबी होता, मला वाटलं तब्येत सुधारली पोरीची.

दवाखान्यात डॉक्टरांनी यांना आणि मला सांगितलं, कोंडलेल्या जागेत निखाऱ्यातून विषारी वायू निघतो, त्याला धूर नाही, वास नाही, चेहरा गुलाबी होतो तो त्यानेच. आपा बाहेर बाकावर बसल्या होत्या. यांनी चिंध्या आधीच खिशात घातल्या होत्या. बहिणीला म्हणाले, कमजोरी होती आपा, दिल बंद पडलं. मला म्हणाले, आपाला कळलं तर ती जगायची न्हाई.

आपांनी मात्र आपलं कारण काढलं. त्या सगळ्यांना सांगायच्या, पोरीला वारं लागलं, याच्या गाडीला भोकंच भोकं, कावून केली असतील एवढी. भाऊ समोर बसून खाली मान घालून ऐकायचा. नात आमच्याकडेच राहिली, आपांच्याच मांडीवर वाढली, त्यांच्याच हातून दूध प्यायली, चालायला लागली. मी म्हटलं, राहू दे, निदान एक माणूस तरी या घरात झोपतंय.

पण या हिवाळ्यात शेजारची सून बाळंत झाली. पत्र्याची एक खोली. मी बाळ बघायला गेले तर आपा खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबत होत्या, बाजेखाली शेगडी, आणि सुनेला सांगत होत्या, आमच्या पोरीसारखं नको व्हायला. मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं आणि सगळं सांगितलं. जाळी, निखारे, डॉक्टर, सगळं.

आपा आत गेल्या, फटीतून चिंध्या काढल्या, शेगडी अंगणात आणून पाणी ओतलं. मग मला विचारलं, त्याला पहिल्यापासून ठाऊक हाय का. मी हो म्हटलं. म्हणाल्या, आन् मी त्याला भोकं मोजून दाखवत होते.

तेव्हापासून त्या नातीला हात लावत नाहीत. ती जाते, नानी घे म्हणते, पदर ओढते. त्या हात मागे घेतात, भिंतीकडे तोंड करतात. ती रडून रडून माझ्याकडे येते आणि पुन्हा तिकडेच जाते. हे मला म्हणाले, पोरगी गेली होती, आता बहीण बी घालवलीस. त्यानंतर आमच्यात बोलणं नाही. मी काय करायला हवं होतं ते मला आजही कळत नाही.

शेजारचं बाळ बाळसं धरतंय. सून दाराशी त्याला घेऊन बसते, मला सलाम करते, तिला यातलं काही ठाऊक नाही. खुदा त्या दोघांना उदंड आयुष्य देवो. आमच्या घरासाठी काय मागावं, ते मला सुचत नाही.