शीड उतरव, नवारा!

हॅलो?… हॅलो, कोण?… नवारा! अगं, रडतेयस कशाला? कैरोत माणसं फोनवर नुसतं नाक ओढतात का?… हं… उद्या गणिताची फेरपरीक्षा. ठाऊक आहे गं. अख्ख्या आळीला ठाऊक आहे, मीच सांगितलंय.

काय?… पुन्हा नापास झालीस तर सुट्टीत इकडे आस्वानला पाठवणार नाही? असं म्हणाला शाझली? दे फोन तुझ्या बापाला… नको? बरं, नको.

अगं, ऐक ना… कुठल्या गणितात अडलीस? वाच. सावकाश वाच, मी काही शाळेत रमलेली बाई नाही… संथ पाण्यात नाव ताशी बारा किलोमीटर. हो… प्रवाह ताशी चार. हो, हो… प्रवाहाविरुद्ध अठ्ठेचाळीस किलोमीटर जायला किती तास? बरं, मग तू काय केलंस?… बारात चार मिळवलेस? का गं?

अगं माझे बाई!… आजोबांची नाव प्रवाहाविरुद्धच जोरात जायची म्हणून?… जायचीच मुळी! उत्तरेचा वारा शिडात भरला की नाईलची काय बिशाद! आणि परतताना शीड उतरवून, चहा उकळत, रमतगमत… मग बाईंनी लाल फुली मारली?… हे बघ, बाईंना नावं ठेवायची नाहीत. ते काम माझं.

थांब जरा… बहीजा! ए बहीजा! तुझी बकरी आवर! उन्हात फुगायला ठेवलेल्या माझ्या पावांवर डोळा आहे मेलीचा!… हं, बोल.

अगं, आजोबाही खरे आणि पुस्तकही खरं. गणितात वारा लिहिलाय कुठे? बघ नीट… नाही ना? मग तू शीड कशाला उभारून बसलीस? उतरव. नुसती वल्ही आहेत हातात. आता सांग, पाणी पुढे ढकलतंय की मागे?… मागे. मग मिळवायचं की काढायचं?… हां! किती उरले?… आठ. मग?… सहा तास? मला काय विचारतेस, तूच पडताळून बघ… जमलं? बघ! माझी नात आहेस. नुसती शाझलीची असतीस तर मधेच बुडाली असतीस.

आणि प्रवाहाबरोबर जायचं असेल तर?… मिळवायचं. शाब्बास.

आता पुन्हा काय झालं?… तरीही नापास झाले तर?… ऐक, नवारा. त्या धुराच्या शहरात पाय ठेवणार नाही अशी शपथ घेतलीय ना मी?… हो, तुझ्या बापाच्या लग्नालासुद्धा गेले नाही. सगळं वऱ्हाड इकडे यायला लावलं… तर तू नापास झालीस, तर मी येते. हो, मीच! शपथेचं मी बघून घेईन.

किती वेळ लागेल?… कैरो आमच्या खालच्या अंगाला ना, प्रवाहाच्या दिशेला? मग मांड तूच… नाही, आजी म्हातारी आहे म्हणून वजा काही करायचं नाही. मिळव. नुसतं मिळवत राहा… ठेवते, बकरी आली.